चार रेडिओ, चार दोष, एकच तक्रार: सीबी रेडिओची निवड आणि आउटपुट पॉवर ठरवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

डोंगराळ भागातील एका बांधकाम तळावर सामान पोहोचवणाऱ्या तीन गाड्यांच्या ताफ्याचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांची, संस्थेची आणि ठिकाणाची नावे गाळली आहेत. ताफ्यात सर्वांत पुढे एक पिकअप, मध्ये एक ट्रक आणि शेवटी दुसरा ट्रक असे, आणि तळावर एक स्थिर रेडिओ केंद्र होते. रस्ता बराचसा एकेरी आणि वळणावळणाचा होता. समोरून अवजड वाहन आले तर मागच्या ट्रकांनी रुंद जागा पाहून आधीच थांबणे आवश्यक असे, कारण भरलेला ट्रक चढावर उलटा घेणे धोक्याचे होते. ही खबर पिकअपच्या चालकाने मागे द्यायची अशी पद्धत होती. मोबाइलला तेथे रेंज नव्हती, त्यामुळे सर्व भिस्त सीबी रेडिओवर होती.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, सुमारे ११ मीटर तरंगलांबीचा पट्टा. अमेरिकेत तो १९५८ मध्ये सामान्य नागरिकांना खुला झाला आणि १९७७ पासून तेथे २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ या मर्यादेत ४० चॅनेल आहेत. युरोपातील बहुतेक देशांतही हेच ४० चॅनेल चालतात. या प्रकरणात ज्या देशाचे नियम लागू होते तेथे एएम (लहरीची उंची बदलून आवाज पाठवणे) आणि एफएम (लहरीची वारंवारता बदलून पाठवणे) या दोन्ही पद्धतींसाठी कॅरिअरची, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीची, मर्यादा ४ वॅट आणि एसएसबीसाठी (कॅरिअर गाळून एएमची एकच बाजू पाठवणारी पद्धत) शिखर पॉवरची मर्यादा १२ वॅट होती. अमेरिकेत आणि युरोपच्या सामाईक शिफारशीतही हेच आकडे आहेत.

पिकअप, मधला ट्रक आणि तळ येथे एकाच प्रकारचे, अनेक देशांची मानके असलेले नवे रेडिओ होते. अशा रेडिओत देशाचा संकेत निवडला की त्यानुसार चॅनेल, पद्धती आणि पॉवर आपोआप ठरतात. शेवटच्या ट्रकमध्ये मात्र जुना, फक्त एएमवर चालणारा १२ व्होल्टचा रेडिओ होता, आणि ट्रकची विद्युत व्यवस्था २४ व्होल्टची असल्यामुळे तो २४ वरून १२ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरवर चालत होता. या एका रेडिओमुळे सगळा ताफा एएमवर बोलत असे.

तक्रार

मला बोलावले गेले तेव्हा निर्णय जवळजवळ झालेला होता. शेवटच्या ट्रकच्या चालकाला एका किलोमीटरपलीकडे पिकअपचे बोलणे समजत नव्हते, आणि एकदा त्यामुळे दोन अवजड वाहने वळणावर समोरासमोर येऊन तासभर अडकली होती. अपघात झाला नाही, परंतु दरीच्या कडेला ट्रक मागे घ्यावा लागला. ताफाप्रमुखांनी विक्रेत्याचा सल्ला घेतला आणि सुमारे ५० वॅट देणारे रेडिओ घ्यायचे ठरवले. त्यातला एक खोक्यात बंद अवस्थेत येऊन पडला होता आणि उरलेल्यांसाठी इसारही दिला होता. “रेडिओची पॉवर कमी पडते, तेवढी वाढवून द्या,” एवढेच काम मला सांगण्यात आले.

ताफाप्रमुखांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच केले असते. आवाज पोहोचत नसेल तर मोठ्याने बोलावे, ही समज स्वाभाविक आहे. पण रेडिओच्या संभाषणात न पोहोचण्याची कारणे दोन टोकांना विभागलेली असतात आणि पॉवर त्यांपैकी फक्त एका टोकावर काम करते. बोलणाऱ्याची पॉवर वाढवली तर ऐकणाऱ्याला थोडे अधिक ऐकू येईल, परंतु बोलणाऱ्याला स्वतःला समोरचे एक अक्षरही जास्त ऐकू येणार नाही. म्हणून मी खोके उघडण्याआधी दोन दिवस मागून घेतले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच ५० वॅटचा रेडिओ हा होता. असे रेडिओ बहुधा हौशी परवानाधारकांच्या १० मीटर पट्ट्यासाठी म्हणून विकले जातात आणि आतील जोडणी बदलून सीबीच्या पट्ट्यावर आणले जातात. सीबीवर त्यांचा वापर नियमात बसत नाही. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडण्याचा पर्यायही त्याच कारणाने बाद होता. अमेरिकेत तर या पट्ट्यासाठीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या विक्रीवर १९७८ पासूनच बंदी आहे.

नियम बाजूला ठेवून केवळ लाभाचा हिशेब केला तरी चित्र सांगितले जाते तसे नव्हते. ४ वॅटवरून ५० वॅट म्हणजे सुमारे ११ डेसिबलची वाढ (डेसिबल हे पॉवर किती पट झाली याचे माप). एस-मीटरवरील (आलेल्या लहरीची ताकद दाखवणाऱ्या मीटरवरील) एक खूण ६ डेसिबलची धरतात, म्हणजे समोरच्याची सुई पुरत्या दोन खुणाही वर जात नाही. जमिनीलगत जाणाऱ्या लहरीची ताकद साधारणपणे अंतराच्या चौथ्या घाताने घटते, त्यामुळे सपाट मुलखात अंतर दुप्पट करायला पॉवर सोळापट करावी लागते. ५० वॅटने सपाटीवर पल्ला दुप्पटीच्या जवळ गेला असता, हे मी ताफाप्रमुखांना प्रामाणिकपणे सांगितले. मात्र रस्ता सपाट नव्हता, आणि चारही ठिकाणी तेवढीच पॉवर असल्याशिवाय उत्तर उलट दिशेने पोहोचणार नव्हते.

दुसरा पर्याय सीबी सोडून परवान्याचे व्हीएचएफ किंवा यूएचएफ, म्हणजे सीबीहून उच्च वारंवारतेचे, रेडिओ घेण्याचा होता, आणि तो मी गांभीर्याने तपासला. कड्यावर एक रिपीटर (ऐकलेले बोलणे पुन्हा प्रसारित करणारे केंद्र) बसवता आला असता तर तो तांत्रिकदृष्ट्या सर्वांत चांगला ठरला असता. रिपीटरशिवाय मात्र त्या वारंवारतेच्या लहरी डोंगराच्या आड सीबीपेक्षा अधिक अडतात. परवान्याला लागणारा वेळ हा एक अडथळा होता. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या रस्त्यावरचे इतर कंत्राटदारही सीबीच्याच एका ठरलेल्या एएम चॅनेलवर आपली जागा सांगत असत. तो चॅनेल सोडला असता तर समोरून येणाऱ्या वाहनाची खबर मिळण्याचा थेट मार्गच बंद झाला असता. हा मुद्दा चालकांनी मांडला, माझ्या लक्षात तो आला नव्हता.

एसएसबीचा पर्याय लवकर मागे पडला, कारण त्यात वारंवारता बारकाईने जुळवावी लागते आणि हलत्या गाडीत, हातमोजे घातलेल्या चालकाकडून ती अपेक्षा करणे योग्य नव्हते. उरला तो पर्याय असलेल्या व्यवस्थेतील दोष शोधण्याचा.

पहिला निर्णय: कोण कोणाला ऐकतो, याची नोंद

तळाजवळच्या मोकळ्या माळावर तिन्ही गाड्या एकमेकींपासून आणि तळापासून किमान दीड किलोमीटरवर उभ्या केल्या. प्रत्येकाने आळीपाळीने दहा आकडे, कोणत्याही क्रमाने, एकदाच वाचायचे आणि इतरांनी ऐकू आले तसे लिहायचे, असे ठरले. चार केंद्रे असल्यामुळे एकूण १२ दिशा झाल्या. “ठीक ऐकू येते” किंवा “कमी येते” अशा उत्तरांवर मी विसंबत नाही. माणूस ओळखीच्या आवाजातील गाळलेले शब्द मनाने भरून घेतो, परंतु आकडे भरून घेता येत नाहीत.

कागद एकत्र ठेवल्यावर तक्रारीचे स्वरूपच बदलले. शेवटच्या ट्रकने कोणाचेही तीन-चारपेक्षा जास्त आकडे बरोबर लिहिले नव्हते, पण त्याने वाचलेले नऊ किंवा दहा आकडे पिकअपला आणि तळाला बरोबर मिळाले होते. पिकअपचे बरोबर उलट होते: तो इतरांना व्यवस्थित ऐकत होता, मात्र त्याचे बोलणे सर्वांनाच क्षीण येत होते. मधला ट्रक दोन्ही दिशांनी मध्यम होता, म्हणजे शेवटचा ट्रक सोडला तर त्याचे इतरांना आणि इतरांचे त्याला सहा-सात आकडे कळत होते. तळाचे प्रकरण सर्वांत विचित्र निघाले. त्याच्या बोलण्यावर प्रत्येकाच्या मीटरची सुई सर्वांत वर जात होती आणि तरी सहा-सातच आकडे समजत होते.

फक्त ऐकताना अडचण असेल तर तो ग्रहणातील गोंगाट किंवा रेडिओच्या ग्राहक (लहरी ग्रहण करणाऱ्या) भागाचा दोष असतो. फक्त बोलताना अडचण असेल तर पॉवर किंवा मॉड्युलेशन (कॅरिअरवर आवाज चढवणे) तपासावे. दोन्हीकडे सारखीच अडचण असेल तर संशय अँटेना आणि तिच्या केबलवर जातो, कारण अँटेना जाणाऱ्या आणि येणाऱ्या लहरीला सारखीच वागवते. सुई भरपूर आणि शब्द अस्पष्ट असतील तर आवाज रेडिओतच बिघडलेला असतो. चार केंद्रांत हे चारही प्रकार एकेक सापडले आणि चौघांनीही त्याला “पॉवर कमी पडते” हे एकच नाव दिले होते. त्यांपैकी पॉवर खरोखर कमी होती ती फक्त पिकअपची.

पिकअप: पॉवर कमी का होती

पिकअपचा रेडिओ काढून १३.८ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यावर लावला आणि अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (लहरी बाहेर न सोडता पॉवर शोषणारा रोधक) जोडला. पॉवर मोजताना डमी लोडचा आग्रह मी धरतो, कारण जुळणी बिघडलेल्या अँटेनावर वॉटमीटर भलतेच आकडे दाखवतो आणि मोजमापाच्या वेळी उगाच चॅनेलही अडतो. मधल्या २० क्रमांकाच्या चॅनेलवर, न बोलता, बटण दाबून मोजले तेव्हा कॅरिअर १ वॅटही भरला नाही.

येथे तळावरच्या मेकॅनिकने रेडिओ उघडून आतला स्क्रू फिरवण्याची तयारी केली. तो कुशल होता आणि त्याने पूर्वी असे केलेही होते. मी त्याला थांबवले, कारण नव्या रेडिओत एवढी कमी आणि तरीही स्थिर पॉवर हे बिघाडाचे लक्षण वाटत नव्हते. ती कोणीतरी ठरवून दिल्यासारखी दिसत होती. माहितीपुस्तिका पाहिली तेव्हा उलगडा झाला. रेडिओ ज्या देशाच्या संकेतावर ठेवला होता त्या संकेतात एफएमला ४ वॅट आणि एएमला १ वॅटच मिळत होता. काही युरोपीय देशांचे जुने नियम तसे होते आणि ते संकेत अशा रेडिओंत अजून दिलेले असतात. ताफा एफएमवर बोलत असता तर हा दोष कोणाच्या लक्षातही आला नसता. योग्य संकेत निवडल्यावर त्याच रेडिओने ३.९ वॅट दिले. आतला स्क्रू तेव्हा फिरवला असता आणि पुढे कोणी संकेत बदलला असता, तर रेडिओ मर्यादेच्या कितीतरी पुढे गेला असता.

गाडीत परत बसवल्यावर तीच पॉवर ३ वॅटच्या आसपास भरली. रेडिओला वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून दिली होती, आणि बटण दाबल्यावर रेडिओच्या टोकाशी १२.१ व्होल्टच उरत होते. एएमच्या अंतिम टप्प्याची पॉवर साधारणपणे व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ही घट अपेक्षितच होती. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, दोन्ही तारांवर बॅटरीजवळ फ्यूज, अशी जोडणी केल्यावर ती ३.७ वॅट झाली. ३ वॅट आणि ३.७ वॅट यांतील फरक एका डेसिबलच्याही आत आहे आणि कानाला तो कळत नाही. ते काम मी सॉकेट सैल होऊन संभाषण मध्येच तुटू नये आणि गाडीतील इतर उपकरणांचा गोंगाट रेडिओत शिरू नये म्हणून करून घेतले. १ वॅटवरून ४ वॅट हा ६ डेसिबलचा फरक मात्र पल्ल्याच्या कडेवर स्पष्ट जाणवला.

मधला ट्रक: कापायला काढलेली अँटेना

या ट्रकची केबिन बरीचशी फायबरची होती आणि अँटेना आरशाच्या दांड्याला ब्रॅकेटने बसवली होती. एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी सांगणारे गुणोत्तर; १ म्हणजे उत्तम) मोजला तर १, २० आणि ४० या तिन्ही चॅनेलांवर तो ३ पेक्षा वर होता. मेकॅनिकने अँटेनाचे टोक कापून पाहावे असे सुचवले आणि पक्कडही आणली. टोक कापल्याने किंवा वाढवल्याने जुळणी एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकते, म्हणजे ४० व्या चॅनेलवर एसडब्ल्यूआर जास्त असेल तर अँटेना लांब आहे आणि पहिल्यावर जास्त असेल तर आखूड आहे, असे समजतात. तिन्हीकडे सारखाच वाईट असेल तर प्रश्न लांबीचा नसतो; बहुधा अँटेनाच्या पायाला धातूची जमीनच मिळालेली नसते. सीबीच्या अँटेनेचा अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्रा असतो, आणि येथे तो अर्धा भाग जोडलेलाच नव्हता.

ब्रॅकेटपासून चासीपर्यंत रंग खरवडून एक रुंद, आखूड विणलेली पट्टी जोडली. लगेच आकडे पहिल्या चॅनेलवर २.१, विसाव्यावर १.७ आणि चाळिसाव्यावर १.४ असे आले. म्हणजे अँटेना थोडी आखूडच होती. कापली असती तर ती वाया गेली असती. टोकाची सळई थोडी वर काढून कडांना १.५ आणि मध्ये १.२ येईल अशी बसवली. १.५ ला फक्त ४ टक्के पॉवर परत येते, म्हणून त्याहून पुढे बारकाईने झगडण्यात मी वेळ घालवला नाही. ३ वर असताना चौथा हिस्सा परत येत होता. मात्र खरे नुकसान त्यापेक्षा मोठे होते, कारण जमिनीविना उरलेली पॉवरही केबलच्या बाहेरील जाळीवरून केबिनमध्ये पसरत होती. चालक सांगत असे की बोलताना मायक्रोफोनची वायर हातात धरली की मीटर हलतो. ते या पट्टीनंतर थांबले.

शेवटचा ट्रक: बहिरा रेडिओ

ज्या चालकाची तक्रार सर्वांत मोठी होती त्याच्याच रेडिओत ऐकण्याचा दोष होता. त्याच्या मीटरवर कोणीही बोलत नसताना सुई सातव्या खुणेवर उभी असे. सततची खरखर सहन होत नसल्याने त्याने स्क्वेल्च (क्षीण आवाज गाळून खरखर बंद ठेवणारे बटण) बराच घट्ट फिरवून ठेवला होता, आणि त्यामुळे दूरचे क्षीण बोलणे स्पीकरपर्यंत पोहोचतच नव्हते. त्याला दोष देता येणार नाही; दिवसभर तो आवाज कानात घेऊन घाटात ट्रक चालवणे कोणालाही शक्य नाही.

येथे माझी चूक झाली, आणि तिने अर्धा दिवस घेतला. गोंगाट अल्टरनेटरचा असेल असे मानून मी इंजिन बंद करवले. खरखर तशीच राहिली. तेव्हा मी निष्कर्ष काढला की ती पट्ट्यातलीच असावी आणि तिला इलाज नाही. शेजारी उभ्या असलेल्या पिकअपवर सुई दुसऱ्या-तिसऱ्या खुणेवर होती, हे मी पाहूनही जोडले नाही. इंजिन बंद केल्याने अल्टरनेटर थांबतो, पण कन्व्हर्टर चालूच राहतो, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. मग अँटेनाचा प्लग काढला, तर सुई खाली गेली. म्हणजे गोंगाट पुरवठ्याच्या तारेतून आत न येता अँटेनाच्या मार्गाने येत होता. शेवटी कन्व्हर्टर पूर्ण बंद करून रेडिओ एका वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावला, आणि खरखर थांबून सुई तिसऱ्या खुणेवर आली. कन्व्हर्टरच्या लांब तारा स्वतःच गोंगाट प्रसारित करत होत्या आणि अँटेना तो उचलत होती.

चार खुणा म्हणजे कागदावर २४ डेसिबल, म्हणजे सुमारे २५० पट. तो गोंगाट पॉवरच्या जोरावर दाबायचा म्हटले तर ४ वॅटच्या जागी हजार वॅट लागले असते. अशा रेडिओंचे मीटर इतके काटेकोर नसतात, म्हणून यातील निम्माच फरक खरा धरला तरी तो १२ डेसिबलचा, म्हणजे खोक्यातल्या ५० वॅटच्या रेडिओने मिळणाऱ्या लाभापेक्षा थोडा जास्तच होता. हा हिशेब ताफाप्रमुखांसमोर मांडल्यावर त्यांनी खोके परत पाठवण्याचा निर्णय घेतला.

नवा रेडिओ निवडताना

जुना रेडिओ ठेवून चांगला, आवरण असलेला कन्व्हर्टर आणि तारांवर गोंगाट रोखणारे फेराइटचे मणी लावणे हा स्वस्तातला मार्ग होता. आम्ही तो प्रयोग केला आणि सुई सातवरून पाचवर आली. तेवढे मला पुरेसे वाटले नाही. त्याऐवजी १२ आणि २४ या दोन्ही व्होल्टवर थेट चालणारा रेडिओ घेतला, म्हणजे वेगळ्या कन्व्हर्टरची गरजच संपली.

निवडीत मी पॉवरचा रकाना पाहिलाच नाही, कारण नियमात बसणारे सर्व रेडिओ तेथे सारखेच असतात. पाहिले ते शेजारच्या चॅनेलवरील जोरदार बोलणे किती वेगळे करता येते हे, गोंगाट कापणारी सोय, एएम व एफएम दोन्ही पद्धती, आणि स्पीकर समोरच्या बाजूला आहे का हे. स्पीकर खाली तोंड करून असला की डॅशबोर्डच्या कप्प्यात आवाज गुदमरतो आणि चालकाला पुन्हा वाटते की समोरच्याची पॉवर कमी आहे. स्वयंचलित स्क्वेल्चही उपयोगी पडला, कारण त्यामुळे बटण घट्ट फिरवून ठेवण्याची सवय सुटली.

तळ: जास्त पॉवरने बिघडलेला आवाज

तळाचा रेडिओ विक्रेत्याकडूनच “उघडून”, म्हणजे आतील मर्यादा काढून, आलेला होता. डमी लोडवर कॅरिअर ७ वॅट भरला. एएममध्ये पूर्ण मॉड्युलेशनच्या वेळी शिखर पॉवर कॅरिअरच्या चौपट होते, म्हणजे ४ वॅटच्या कॅरिअरला १६ वॅटपर्यंत चढण्याची जागा लागते. ७ वॅटच्या कॅरिअरला ती २८ वॅटपर्यंत लागली असती, परंतु १३.८ व्होल्टवरचा अंतिम टप्पा १८ वॅटच्या आसपासच अडत होता. शिवाय मॉड्युलेशनला लगाम घालणारा भागही निकामी केला होता. परिणामी बोलण्याचे वरचे टोक सपाट होत होते, खालच्या टोकाला कॅरिअर क्षणभर पूर्ण तुटत होता आणि आवाजाचे तुकडे दोन-दोन चॅनेल पलीकडे सांडत होते. इतर कंत्राटदारांनी याबद्दल आधी तक्रार केली होती, असे नंतर कळले.

हा रेडिओ जागेवर सुधारायचा की अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे पाठवायचा, यावर मतभेद झाला, कारण तेवढे दिवस तळ मुका राहणार होता. मॉड्युलेशनची जुळणी लहरीचा आकार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपशिवाय डोळस होत नाही आणि ते साधन आमच्याकडे नव्हते, म्हणून मी पाठवण्याचा आग्रह धरला. शेवटच्या ट्रकमधून निघालेला जुना रेडिओ तोपर्यंत तळावर लावला. तेथील स्वच्छ पुरवठ्यावर आणि कौलावरच्या अँटेनावर तो उत्तम चालला, हे पाहून त्याच्या चालकाला आश्चर्य वाटले. दुरुस्त होऊन आलेल्या रेडिओचा कॅरिअर ३.९ वॅट होता. कमी पॉवरमुळे सुई किंचित खाली आली, आणि आकडे नऊ ते दहा समजू लागले.

निष्पत्ती

माळावरची १२ दिशांची चाचणी त्याच अंतरावर पुन्हा घेतली तेव्हा प्रत्येक दिशेला नऊ किंवा दहा आकडे बरोबर आले. प्रत्यक्ष रस्त्यावर पिकअप आणि शेवटचा ट्रक यांच्यात वळणांतूनही चार किलोमीटरपर्यंत खबर कळू लागली, आणि उघड्या उतारावरून तळ नऊ किलोमीटरवरून ऐकू आला. चारही केंद्रांची पॉवर ४ वॅटच्या आतच होती.

एक जागा तशीच राहिली. एका खडकाळ सोंडेमागे पिकअप गेला की मागच्या दोन्ही ट्रकांना त्याचे बोलणे ऐकू येत नसे. त्या आडोशाला पॉवरने पार करता आले नसते, म्हणून कामाची पद्धत बदलली: पिकअपने सोंडेच्या तोंडाशी थांबायचे, पलीकडची वाहतूक पाहून यायचे आणि मगच मागच्यांना सोडायचे. यात प्रत्येक फेरीत थोडा वेळ जातो आणि चालकांना तो आवडत नाही, पण त्यांनी ते पाळले आहे. दुपारच्या वेळी आयनावरणातून परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवरची बोलणी याच पट्ट्यात येतात आणि एएमवर शिट्ट्यांसारखा आवाज होतो. अशा वेळी खबर दोनदा सांगण्याची आणि समोरच्याने ती उच्चारून परत सांगण्याची शिस्त लावली.

काय वेगळे करता आले असते

माझ्याकडून पहिली त्रुटी कामाच्या क्रमात झाली. माळावरची चाचणी दुसऱ्या दिवशी दुपारी घेतली. त्याआधीचा दीड दिवस मी सवयीप्रमाणे गाडीगणिक अँटेना तपासण्यात घालवला, आणि त्यातून मधल्या ट्रकचा दोष तेवढा सापडला. चाचणी आधी घेतली असती तर कोणत्या गाडीत काय शोधायचे हे तासाभरात कळले असते. दुसरी त्रुटी कन्व्हर्टरची, ती वर सांगितली आहे. दोन गाड्या शेजारी उभ्या असून एकीचीच सुई वर असेल तर गोंगाट त्या गाडीचा आहे, एवढा तर्क पुरेसा होता.

एएम आणि एफएमच्या निर्णयाबद्दल मी अजून निःशंक नाही. जुना रेडिओ गेल्यावर सर्वांना एफएमवर जाता आले असते आणि स्पार्कचा व इतर गोंगाट त्यात खूपच कमी झाला असता. शिवाय दोन जण एकाच वेळी बोलले तर एफएमवर जोरदार असलेला स्वच्छ ऐकू येतो, एएमवर दोघांची किंचाळी होते. इतर कंत्राटदारांच्या सामाईक चॅनेलसाठी आम्ही एएमवर राहिलो. पिकअपमध्ये दुसरा रेडिओ बसवून एकावर सामाईक एएम आणि दुसऱ्यावर ताफ्याचे स्वतःचे एफएम ठेवणे, हे कदाचित अधिक योग्य ठरले असते. दोन अँटेना जवळजवळ बसवल्यावर एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा ग्राहक भाग दबतो, म्हणून त्या वेळी मी ते टाळले. आज ते प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय मी टाळणार नाही.

प्रत्येक केबिनमध्ये एक चिठ्ठी चिकटवून दिली आहे. तिच्यावर निवडलेला देशाचा संकेत, डमी लोडवरचा कॅरिअर, बटण दाबल्यावरचे व्होल्ट, तीन चॅनेलांवरचे एसडब्ल्यूआर आणि शांततेत सुई कोठे असते, एवढे लिहिले आहे. सहा महिन्यांनी पिकअपच्या चालकाने पुन्हा कळवले की त्याची पॉवर कमी पडते आहे आणि ऐकूही कमी येते आहे. मेकॅनिकने चिठ्ठीशी आकडे ताडून पाहिले. कॅरिअर तोच होता आणि मधल्या चॅनेलवरचा एसडब्ल्यूआर १.३ ऐवजी २.४ झाला होता. आदल्या आठवड्यात टपावर सामानासाठी लोखंडी जाळी बसवली होती आणि अँटेना तिच्या कडेला टेकल्यासारखी उभी होती. त्याने अँटेना दुसऱ्या बाजूला हलवली, जुळणी पुन्हा केली आणि नवा आकडा चिठ्ठीवर लिहून ठेवला.